एक तास जास्त

"साडेबाराला पुरती ओहोटी. पाणी अजून मागेच जाणार," थेल्माने पास्को साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, आणि समोरच्या खडकावर लोळणारं सील अलगद पाण्यात उतरलं. पाठोपाठ दुसरं. खडक बुडत चालला होता.

फंडीच्या उपसागरातल्या या भूशिरावर थेल्मा तीस वर्षं पाहुण्यांना फिरवायला आणत होती; आज एकटे पास्को साहेब होते. कड्याखालून चालत जायचं, दगडी सुळके नि ससाण्याचं घरटं पाहायचं आणि पाणी चढायच्या आत 'नाक' ओलांडून परतायचं. नाक म्हणजे पुढे आलेला कडा. भरतीला तिथे चार पुरुष पाणी, आणि त्याच्या आतल्या बाजूला कड्यावर चढायला वाट नाही.

भरती-ओहोटीच्या तक्त्यात घड्याळ हिवाळ्याचं असतं. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून एक तास मिळवायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिने सकाळी मिळवलाही होता. पण यंदा तक्ता वहीत उतरवला होता ऑर्व्हिलने, तिच्या नवऱ्याने. बोट विकल्यापासून त्याला उद्योग नव्हता. रविवारी त्याने न विचारता तिचं कपाट आवरलं, तेव्हापासून घरात अबोला होता. काल मोठ्या अक्षरात उतरवलेली वही त्याने टेबलावर ठेवली, तिने मुकाट्याने उचलली. मेल्याने तास आधीच मिळवला होता तर!

"साहेब, निघायचं. आत्ताच्या आत्ता."

"अहो, पण ससाणा दिसला कुठे?"

"ससाण्याला उडता येतं. तुम्हाला येतं का?"

पास्को साहेब अठ्ठ्याहत्तरचे, एक गुडघा नकली. शेवाळावर दोनदा घसरले. पाणी घोट्याला आलं, मग गुडघ्याला. थंडीने पाय बधिर झाले. माझ्या हट्टापायी या म्हाताऱ्याचा जीव जाणार, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. नाकाशी पोचले तेव्हा कमरेएवढं पाणी होतं आणि लाटा कड्यावर आपटत होत्या.

नाकाच्या टोकाशी, छातीभर पाण्यात ऑर्व्हिल उभा होता. कमरेला दोर, दुसरं टोक पलीकडच्या खडकाला. चाळीस वर्षं त्याने शेवंडं पकडली, पण इथल्या बहुतेक मासेमारांसारखं त्यालाही पोहता येत नव्हतं.

"घरच्या पाटीवर 'अडीचला येते' लिहिलंस, तेव्हा कळलं बाईने दोनदा तास मिळवलाय!" तो ओरडला.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"बोलत होतीस का माझ्याशी?"

दोराला धरून आधी साहेब पार झाले, मग ती. वाळूवर आल्यावर तिला रडू फुटलं.

"पोहता येत नाही नि पाण्यात शिरलास, मूर्खा!"

"तू पलीकडे होतीस ना." त्याचे दात वाजत होते.

निळ्या पडलेल्या बोटांनी त्याने दोर अजून घट्ट धरला होता. ती एकेक बोट सोडवू लागली, आणि घरी पोचेपर्यंत तिची बडबड थांबली नाही.