टाकीचं झाकण

बेडूकमासा रंग बदलतो, हे मत्स्यालयात मी रोज दहा वेळा सांगतो. ज्या स्पंजावर बसेल त्याचा रंग दोन-तीन आठवड्यांत अंगावर घेतो आणि ढिम्म बसून राहतो. कपाळावरची शेंडी हलवून कोलंबीला जवळ बोलावतो आणि गट्टम करतो. सगळं तोंडपाठ आहे मला.

आमचा ढोल्या पिवळाधमक होता. महिन्याभराच्या रजेवरून आलो, तर टाकीत ढोल्या नाही. काचा पुसणाऱ्या मावशींवर मी सगळ्यांसमोर उखडलो.

"झाकण उघडं ठेवलंत ना? गेला उडी मारून!"

"नाही हो, लावलं होतं मी," त्या म्हणाल्या.

मी कसला ऐकतोय! जो मासा धड पोहतही नाही, पंखांवर रांगतो, तो उडी मारून गेला म्हणे. पण वीस वर्षांच्या अनुभवाचा तोरा होता ना. साहेबांनी माझ्या शब्दावर मावशींना कामावरून काढलं.

टाकीतल्या कोलंब्या मात्र कमी होतच होत्या. तेही मी फिल्टरच्या माथी मारलं.

मग परवा सकाळी कोलंब्या सोडताना जांभळ्या स्पंजाने जांभई दिली.

तो स्पंज मीच ठेवला होता. रजेवर जायच्या आदल्या दिवशी, पिवळा काढून, माझ्या या हातांनी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांना सगळं सांगितलं आणि तसाच मावशींच्या घरी गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. त्यांनी आधी पाणी दिलं.

"मावशी, ढोल्या टाकीतच होता. चूक माझी होती."

त्या खाली बसल्या. "म्हणजे झाकण लावलेलं होतं?"

"होतं."

"मलाच वाटायला लागलं होतं हो, राहिलं असेल उघडं. तुम्ही एवढे जाणकार, उगाच कशाला बोलाल?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून म्हणालो, "उद्यापासून परत या."

"येईन. पण झाकणाला हात लावणार नाही."

त्यांना दुकानात जायचं होतं, म्हणून आम्ही बरोबरच निघालो. त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढलं. एक मजला उतरलो आणि त्या थांबल्या.

"एक मिनिट हं," असं ओशाळून म्हणत त्या कुलूप बघायला परत वर गेल्या.