बशीत सांडलेला चहा

"सून गरीब गाय हाय माझी, पण लई धांदरट. चहा कपात कमी अन् बशीतच जास्त!"

सारजाबाई दारात शेजारणीला सांगत होत्या. ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्यांच्या सुनेनं, तनुजानं, ते ऐकलं आणि मुकाट्यानं बशी पुसली. ऐकलं मीही. सांडलेल्या त्या चहात माझा हात आहे.

मी तनुजाच्या मेंदूतली राखणदार पेशी बोलतेय. ती आईच्या पोटात होती, मेंदू धड आकारालाही आला नव्हता, तेव्हापासून माझा इथं मुक्काम. रोगजंतू घुसले तर गिळायचे, हे एक काम. दुसरं विरळणीचं. लहानपणी मेंदूत पेशीपेशींमधले जोड दाट उगवतात. कामाचे राखायचे, सुस्त पडलेले उपटायचे. बाया शेतात करतात तसंच. त्यातूनच मेंदू घडतो.

बिडकीनला, माहेरी, तीन वर्षांच्या तनुजाचा डावा डोळा तिरळा बघायचा. दोन डोळ्यांची दोन चित्रं! मेंदूनं कंटाळून डाव्याचं ऐकणंच सोडलं. तिकडचे जोड सुस्त पडले. मी थोडी थांबले, असं सांगायला मला फार आवडलं असतं. नाही थांबले; तेही उपटले. चांगल्या डोळ्यावर कुणी वेळेत पट्टी बांधली असती, तर डावा कामाला लागला असता आणि माझा हात आवरला असता. पण घरचे म्हणाले, "तिरळं लेकरू भाग्याचं."

स्थळं यायच्या वयात त्याच भाग्याची खोट झाली. ऑपरेशन करून डोळा सरळ केला. नजर काही आली नाही. अंतराचा अंदाज चुकतो, म्हणून चहा बशीत. "सासरी बोललीस तर परत पाठवतील," आईनं बजावलं होतं. मुकुंदवाडीत आल्यापासून तनुजा गप्पच.

आज नणंद आली, लहानग्या सोनियाला घेऊन. फुगा धरताना सोनियाचा एक डोळा नाकाकडं वळला.

"आई, हिला दाखवावं का गं?"

"काय नाय व्हत! तिरळी पोर नशिबाची. मोठी झाली की व्हईल सरळ."

सोनियाच्या डोक्यातही माझ्यासारखी कुणी विरळणीला बसलीच असेल. तिला हाक मारायला मला तोंड नाही. तनुजाला आहे, पण लग्नापासून ते ती जपून वापरते.

तिनं चहाचं भांडं खाली ठेवलं.

"आई, मी धांदरट नाही. मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. माझाही डोळा भाग्याचाच होता. ताई, उठा, सोनियाला आजच डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवू. मला काय बोलायचं ते आल्यावर बोला."