सोसायटीचा कोट

मुरबे गावाच्या खालच्या अंगाला खाडीकाठी एक वाडी आहे. तिथल्या लहानशा मच्छीमार सोसायटीकडे मालमत्ता म्हणावी असं काय होतं, तर एक बर्फाची खोली, एक वजनकाटा आणि एक कोट. कोट काळा होता, निदान शिवला तेव्हा तरी काळा होता. सोसायटी सुरू झाली तेव्हा पहिल्या चेअरमनसाठी तो पालघरला शिवून आणला आणि त्याचा कोटातला फोटो हपिसात लागला. मग पुढच्या चेअरमनचाही फोटो कोटातलाच हवा, आणि एका फोटोपायी नवा कोट कोण शिवणार? म्हणून रीतच पडली. नवा चेअरमन आला की त्याने कपाटातला तो कोट चढवायचा, फोटो काढायचा आणि कोट परत कपाटात टांगायचा.

भिंतीवर ओळीने फोटो होते. कोट एकच, माणसं निरनिराळी. एकाच्या बाह्या कोपराकडे पळालेल्या. एकाची बटणं लागेनात म्हणून त्याने पोटावर हात बांधलेले. एक जण कोटात असा बुडालेला की नुसती मिशी वर आलेली. एकाचा कोट मात्र समोरून अगदी अंगाबरोबर बसलेला दिसे. तो महादू तांडेल, येसूबाईचा नवरा.

महादू बोटीवर वाघ होता, पण अंगाने निव्वळ काडी. फोटोच्या दिवशी कोट त्याच्यावर शिडासारखा फडफडायला लागला. फोटोग्राफर वैतागला, तेव्हा येसूबाईला बोलावणं गेलं. ती आली, महादूच्या खुर्चीमागे उकिडवी बसली आणि कोटाचा पाठीवरचा सगळा घोळ दोन्ही मुठींत आवळून धरला. "अजून खाली, वहिनी, केस दिसतात," फोटोग्राफर म्हणाला. ती अजून खाली झाली. फोटो झकास आला. त्या फोटोत येसूबाई आहे. दिसत नाही, एवढंच.

नवऱ्यावर तिचा जीव होता, त्यात काही खोट नाही. तो गेल्यावर तिने बोट पोराच्या हाती दिली, मासळीचा धंदा आपल्या हाती ठेवला आणि संसार ओढला. पण त्या फोटोसमोरून जाताना तिच्या मुठी अजूनही आपोआप आवळायच्या.

यंदा सोसायटीत दोन पार्ट्या पडल्या. एक बळवंतची, दुसरी बळवंत नको म्हणणाऱ्यांची. मतं समसमान पडली, कोणी मागे हटेना. कमिटीत बायकांच्या दोन राखीव जागा होत्या. एकीवर येसूबाई होती आणि दुसरीवर बळवंतची बायको मंदा. मंदाने सभेत आजवर नवऱ्याच्या आधी हात वर केला नव्हता. शेवटी भांडण मिटेपर्यंत येसूबाई चेअरमन म्हणून बसेल असं दोन्ही पार्ट्यांनी ठरवून टाकलं. बाईला कोणी विचारलं नाही, आणि बाईनेही विचारण्याची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी ती मासळी विकून आली, हातपाय धुतले आणि सरळ हपिसात जाऊन खुर्चीत बसली.

बळवंत तिथे होताच. नात्याने चुलतदीर, वयाने धाकटा, पोटाने बराच मोठा.

"वयनी, तू कशाला तरास घेते?" तो म्हणाला. "सही लागंल तवा मी घरी येईन. कोळगावला कलेक्टर हपिसात मिटिंगा असतात, त्या पन मीच बघीन."

"मिटिंगला मी जाईन. आधी फोटो काढू. कोट काढ."

बळवंतला वाटलं, ही थट्टा करतेय. तो हसला, आणि ती हसत नाही असं बघून थांबला. "कोट बाप्यांचा हाय, वयनी."

"कोट सोसायटीचा हाय."

"शाल घे खांद्यावर, हातात नारळ घे, मस्त फोटो निघंल. बाईमाणूस कोटात बसली तर लोकं तोंडात शेण घालतील आमच्या."

"शाल सत्काराला देतात, बळवंता. माझा सत्कार नाय. मी चेअरमन हाय."

दुसऱ्या दिवशी तिने कपाट उघडलं तर हँगर रिकामा. कोटाला कसर लागली म्हणून बळवंतने तो ऊन दाखवायला घरी नेला होता म्हणे. इतकी वर्षं कसर खात होती तेव्हा ह्याला ऊन आठवलं नाही! येसूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती कितीतरी वेळ त्या रिकाम्या हँगरकडे बघत उभी राहिली, आणि मग तिला एकदम हसू फुटलं. नाहीतरी तो मेला कोट आजवर बसला होता कोणाला? तो चढवायचा आणि पुन्हा कोणाला तरी पाठीमागे उकिडवं बसवायचं? तिला तो नकोच होता. तिला आपल्या अंगाचा कोट हवा होता, मागून कोणी धरायला न लागणारा.

बोईसरच्या बाजारात ती मासळी घेऊन बसायची, तिथून जवळच्याच गल्लीत रामनाथ टेलरचं दुकान. रामनाथला उत्तरेकडून येऊन जमाना झाला होता. तारापूरच्या कारखान्यांतले साहेब लोक त्याच्याकडे सूट शिवत. मासळी तो खात नसे, पण येसूबाईला 'मौसी' म्हणे आणि जाता येता राम राम करी. त्या दिवशी टोपली रिकामी झाल्यावर येसूबाई निळ्या कापडाची गुंडाळी काखेत मारून त्याच्या दुकानात शिरली.

"कोट शिवायचाय," ती म्हणाली.

"किसका, मौसी? लडके का?"

"माझा."

रामनाथची कात्री थांबली. शर्टाचं माप द्यायला आलेला एक तरुण बाकावर बसला होता, त्याचं मोबाइलवरचं बोटही थांबलं.

"मौसी, मी जेंट्स टेलर. लेडीजचा माप मी घेत नाय," रामनाथ म्हणाला. "एक ब्लाउज आणून द्या. त्याच्यावरून अंदाज काढतो."

"अंदाजाचे कोट आमच्या भिंतीवर लायनीत लागलेत. मला तसला नको. अंगावर माप घे."

"लोग क्या बोलेंगे?"

"लोकांचं माझ्यावर सोड. मी काय आजच बोलणी खाते?"

बाकावरचा तरुण फिस्सकन हसला. "ये कोट पहनेगी?"

येसूबाई त्याच्याकडे वळली. "तुजं माप झालं काय रं? नाय ना? मग गप बस. पयला माझा नंबर."

रामनाथ तरीही टेप काढेना. मग येसूबाई चपला काढून आरशासमोरच्या फळीवर चढली, जिथे साहेब लोक उभे राहायचे, आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभी राहिली. "मला घाई नाय," ती म्हणाली. "टोपली रिकामी हाय."

दाराशी माणसं थबकायला लागली. बाजारातल्या दोघी मासळीवाल्याही येऊन डोकावल्या. एवढ्या लोकांसमोर असे हात पसरून येसूबाई जन्मात उभी राहिली नव्हती, आणि कानाच्या पाळ्या तापून लाल झाल्यात हे तिला आरशात दिसत होतं. उतरावं का, असं एकदा वाटूनही गेलं. पण ती एकदा खाली बसली होती, अजून खाली झाली होती. तेवढं पुरे होतं. तिने हात आणखी ताठ केले.

रामनाथने दाराकडे बघितलं, मौसीकडे बघितलं आणि गळ्यातला टेप काढला. "लुगड्याच्या वरून घेऊ?"

"वरूनच घे. लुगडं सोडून मी कोट घालनार नाय. पदर, काष्टा, सगळं धरून माप काढ."

तो खांदे मोजायला लागला, मग बाही, मग दंड. छातीच्या मापाला त्याने टेप चार बोटं लांब धरला. "असा ढिला काय धरतोस?" येसूबाई म्हणाली. "मासळी तोलताना मी काटा लांब धरते काय?" रामनाथ हसला आणि टेप नीट अंगाला लावला. दारातल्या मासळीवाल्या खुसखुसल्या. तो तरुण पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला.

उजव्या खांद्याशी रामनाथ अडला. "मौसी, ये कंधा उतरा हुआ है. आत पॅड टाकतो. दोनी बाजू बराबर दिसतील."

"पॅड नको. पाट्या उचलून उतरलाय तो, चोरी करून नाय. हाय तसा घे."

आता रामनाथलाही कामाचा जोर चढला होता. त्याने मापं लिहिली, कापड टेबलावर पसरलं आणि खडूने रेघ ओढता ओढता सवयीने सांगू लागला, "शिलाईच्या आत कापड सोडतो, मौसी. अंग भरलं, नायतर उद्या दुसऱ्या कोणाला घालायचा झाला, तर उसवून मोठा करता येतो. सगळेच सोडून घेतात."

दुसऱ्या कोणाला. येसूबाईच्या डोळ्यांसमोर बळवंतचं पोट उभं राहिलं. ती फळीवरून खाली उतरली, चपला घातल्या आणि गालातल्या गालात हसली.

"नको सोडू," ती म्हणाली.

"बिलकुल नाय?"

"शिलाई टिकंल एवढंच ठेव. बाकी कापून टाक."

"तुमचंच अंग भरलं तर?"

"तर नवा शिवीन. दुकान ठाव झालंय आता मला."

फोटोच्या दिवशी हपिसात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी कौतुकाने आलं होतं, बरेचसे मजा बघायला. येसूबाई लुगड्यावर निळा कोट घालून आली तेव्हा मागच्या बाजूने कोणीतरी शीळ घातली. पण ती खुर्चीत बसली आणि शीळ आपोआप विरली. हसण्यासारखं काही सापडेचना. कोट अंगाबरोबर बसला होता. उजवा खांदा उतरलेला होता तिथे कोटही उतरलेला होता.

फोटोग्राफर कॅमेरा लावायला लागला. "थांब," येसूबाई म्हणाली. "माझ्या मागं कोण हाय काय बघ."

"कोणी नाय, बाय. नुसती भिंत."

"मग काढ."

फोटो निघाला. बळवंत पुढे झाला. त्याच्या काखेत तो जुना काळा कोट होता. "झाली हौस? आता हा घरी ने. सोसायटीचा कोट मी आणलाय, तो कपाटात ठेवतो. उद्या लागंल."

येसूबाईने निळा कोट उतरवला आणि रिकाम्या हँगरवर नीट टांगला. "सोसायटीचा कोट एकच असतो, बळवंता. रीत तुमचीच. तो तू घरी नेलास तवाच तो तुझा झाला. सोसायटीचा हा."

"म्हंजे मी चेअरमन झालो तर हा घालू?"

"घाल की. आताच घालून बघ."

सगळी वाडी बघत होती. माघार घेतली तर गेली इज्जत. बळवंतने कोट ओढून घेतला आणि हात घातले. कोट दंडापर्यंत आला आणि रुतून बसला. बळवंत लालबुंद झाला. त्याचा लग्नातला कोट दोनदा उसवून वाढवलेला होता, त्यामुळे ही विद्या त्याला येत होती. त्याने वाकडा हात करून कोटाची कड उलटी केली. "आत कापड असंलच. उसवून घेतो." त्याने चाचपलं, पुन्हा चाचपलं. "कापडच सोडलं नाय?"

"नाय सोडलं," येसूबाई म्हणाली.

आता त्याला कोट पुढेही जाईना आणि मागेही येईना. "मंदा!" तो ओरडला. "बघत काय राहिलीस? ये, मागून ओढ जरा!"

मंदा सवयीने आली. नवऱ्याच्या पाठीमागे गेली, कोटाला हात घातला, आणि जोर लावायला गुडघ्यांत वाकली. ते वाकलेले गुडघे येसूबाईला दिसले.

"मंदे," ती हळूच म्हणाली. "मी पन तिथंच बसलेली. महादूच्या मागं. बघ जरा, त्या फोटोत दिसते काय मी तुला?"

मंदाने मान वर करून भिंतीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

मंदाने कोटावरचा हात काढला. पदराला पुसला, सरळ उभी राहिली आणि कोटात अडकलेल्या नवऱ्याला वळसा घालून पुढे आली.

"येसूबाय," तिने विचारलं, "तो टेलर बोईसरला कुठल्या गल्लीत बसतो?"