दारावरची हाक

पठाणी मुलखातल्या चारसद्दा गावच्या एका गल्लीतले हाजी मीरबाजचे निळे दार एका दिग्दर्शकाच्या डोळ्यांत भरले आणि हाजीची मुलगी वगमा हिचे ठरलेले लग्न मोडायची वेळ आली.

त्याच्या मालिकेचा नायक शमरोज. तो दरवेळी प्रेमापायी प्राण देई आणि पुढच्या मालिकेत ताजातवाना होऊन परत येई. या खेपेस त्याने निळ्या दारासमोर हवेत बार काढला आणि गर्जना केली, “या घरची मुलगी माझी! दुसऱ्या कुणी मागणी घातली, तर गाठ माझ्याशी!”

अशा हाकेला घग म्हणतात. घग झालेल्या मुलीला मग दुसरा कुणी मागत नाही. कायद्याने त्यावर बंदी आहे. पण गल्लीने कायदा ऐकला नव्हता, हाक ऐकली होती. कथेतल्या मुलीचे नाव निराळे होते खरे, पण दार खरे होते आणि दारामागे लग्नाची मुलगीही खरीच होती.

संध्याकाळीच होणारे सासरे रहमदाद यांचा निरोप आला : “हाक पडलेली मुलगी आम्ही कशी न्यावी? आम्हालाही इज्जत आहे.”

वगमाचा त्यांच्या मुलावर, संगीनवर जीव होता. त्याचाही तिच्यावर होता. मात्र त्याचे याविषयीचे मत वडिलांनी अद्याप ठरवले नव्हते.

हाक मागे घेण्याची विनंती करायला हाजी चित्रीकरणाच्या जागी गेला. शमरोजने छातीवर हात ठेवला. “हाजीसाहेब, जीव मागा, देतो. पण शब्द फिरवणारा नायक कोण बघेल? माझ्याही इज्जतीचा प्रश्न आहे.”

हाजी घरी परतला तेव्हा वगमा तंदुरात नान लावत होती. ती म्हणाली, “बाबा, त्याला कळवा, हाक आम्हाला मान्य आहे. शुक्रवारी निकाह. येताना बायकोला घेऊन ये म्हणावं.”

“वेड लागलंय का, पोरी? अन् खरंच आला तर?”

“येतोय कसला! त्याच्या मालिकेत दार कधी उघडलंय का? उघडल्यावर काय बोलायचं, हे त्याला कुणी लिहूनच दिलेलं नाही.”

हाजीने निरोप धाडला; तो शमरोजच्या आधी त्याच्या बायकोला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शमरोज निळ्या दारासमोर हजर झाला. मागे मोटारीत बायको बसली होती, काच अर्धी खाली करून. वगमाने दार उघडले. त्याने तिच्या डोक्यावर चादर घातली आणि पुटपुटला, “ही माझी बहीण.”

“मोठ्यानं, भावा,” शेजारचा म्हातारा म्हणाला. “त्या दिवशी तर कबुतरं उडाली होती!”

शमरोज मोठ्याने बोलला. वगमा-संगीनचे लग्न झाले.

पुढे मालिका लागली. तिच्यात अर्थातच गर्जना होती, चादर नव्हती. रहमदादने डोळे पुसले. “याला म्हणतात मर्द! एकदा दिला शब्द, तो दिला.”

चहा ओतता ओतता वगमाने संगीनकडे पाहिले.

संगीनने वडिलांकडे पाहिले.