मोठा पडलेला बॉयलर

घर तापवणारा तळघरातला बॉयलर बिघडला, असं मी चेस्टरला फोनवर सांगितलं. पेटतो, जरा वेळात विझतो, लगेच पुन्हा पेटतो. दिवसभर हेच. वर पाइपातून कुणी हातोडा मारल्यासारखा आवाज. चेस्टर माझ्या नवऱ्याचा, एडचा, शाळेपासूनचा मित्र. आमच्या स्क्रँटन शहरातले जुने वाफेचे बॉयलर आता त्याच्याशिवाय कुणी हातात घेत नाही. तो तळघरात जाऊन आला, वरच्या खोल्या बघून आला आणि खुर्चीत टेकला.

"बॉयलर ठणठणीत आहे, लॉरेन. वरच्या खोल्या तापवणारे रेडिएटर कुणी बंद केले?"

"मीच. रिकाम्या खोल्या कशाला तापवायच्या?"

"मग एवढी वाफ जाणार कुठे? बॉयलर सगळ्या घराच्या मापाचा, आणि तू घर केलंस दोन खोल्यांचं. आता तो तुला मोठा पडतोय."

मला रागच आला. जशी काही मी हौसेने रेडिएटरच्या चाव्या फिरवल्या होत्या. मुलगा ग्रेग ॲरिझोनाला राहायला गेला तेव्हा त्याच्या खोलीतला रेडिएटर बंद केला, मुलीचं, रेनाटाचं, लग्न झाल्यावर तिच्या खोलीतला. एड वारल्यावर आमच्या खोलीतलाही केला आणि खाली सोफ्यावर झोपायला लागले.

"लहान बसवून देतो," चेस्टर म्हणाला. "पण मग वरचा मजला कायमचा थंड. पुन्हा उघडायचं म्हटलंस तर त्याला पेलणार नाही. नीट विचार कर."

संध्याकाळी रेनाटाला फोन लावला.

"नाताळला येताय ना?"

"आई, पोरांना तुझ्याकडे झोपच लागत नाही गं. मागच्या वेळी कोट घालून झोपली होती. तूच ये ना इकडे."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू म्हणाली असतीस, स्वेटर घाला."

म्हणाले असते, खोटं कशाला बोलू? ती येत नाहीत म्हणून मी खोल्या बंद केल्या, आणि खोल्या गार म्हणून ती येत नाहीत. स्वतःच्या हाताने केलेलं हे सगळं. तरी फोन ठेवल्यावर मला जरा बरं वाटलं. नुसती थंडीच आडवी आली होती तर.

सकाळी पाना घेऊन वर गेले आणि गंजलेल्या चाव्या एकेक करून पूर्ण उघडल्या. धूळ तापल्याचा वास सुटला. खाली बॉयलर पेटला तो बराच वेळ, शांतपणे चालत राहिला.

"नवा नको," मी चेस्टरला कळवलं. "सगळे उघडलेत."

"म्हणजे पोरं येतायत."

"रेनाटाला सांगितलं, घर तापवलंय. म्हणाली, बघू."

"बघू म्हणाली, आणि तू आख्खं घर तापवून बसलीस?"

"हो. आता थंडीचं कारण नको."

तो हसला. मला हसू आलं नाही. थंडीमुळे येत नाहीत, एवढ्यावर माझा एक दिवस बरा गेला होता. आता वर प्रत्येक खोलीत ऊब आहे, आणि तरी ती आली नाहीत तर का आली नाहीत, हे मला कळणार आहे.