किटलीच्या टोप्यांचा नाच

स्कॉटलंडच्या उत्तरेला आमची शेटलंड बेटं, तिथे तपासणीची व्हॅन तीन वर्षांतून एकदा येते. बोटीतून येते, लर्विक या आमच्या बंदराच्या गावी सहा-सात आठवडे उभी राहते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला घरी पत्र येतं, अमुक वार, अमुक वेळ. आत जायचं, कपडे काढायचे, यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबून घ्यायची, ‘श्वास धरा’ म्हणाले की धरायचा. दहा मिनिटांत मोकळं. त्या व्हॅनमध्ये बघण्यासारखं काही नाही आणि तिचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

लोकांनी बघितला तो आमचा नाच.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ऑस्लाला पत्र आलं, मंगळवार, अकरा वाजून दहा मिनिटं. मला पुढच्या आठवड्यातला गुरुवार. ऑस्ला माझी भावजय, माझ्या भावाची, मॅग्नीची बायको. पण त्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून ती शाळेत माझ्या बाकावर बसायची, त्यामुळे नणंद-भावजयीचा मानपान आमच्यात कधी नव्हता. ती मला तोंडावर ‘हुकूमशहा’ म्हणायची आणि ते काही खोटं नव्हतं.

त्यांची मुलगी इंगा तेव्हा ग्लासगोला शिकत होती. मेंढ्या व्यायच्या दिवसांत बापाला मदत करायला म्हणून आली आणि गुरुवारी गावच्या हॉलमध्ये आमच्या विणकामाच्या बैठकीत येऊन बसली. हातात सुया नाहीत, फोन.

“आत्या, जगात बायका काय काय करतायत बघ ना. स्तनाच्या कॅन्सरची जाणीव व्हावी म्हणून कुणी अंतर्वस्त्राचा रंग लिहितंय, कुणी बिनमेकअपचा फोटो टाकतंय. आणि तुम्ही इथे मोजे विणताय.”

“बिनमेकअपच्या आम्ही रोजच हिंडतो,” ऑस्ला म्हणाली. “त्याचं कौतुक करायला कुणी येत नाही.”

टेबलावर चहाच्या दोन किटल्या होत्या, दोन्हींवर लोकरीच्या गुलाबी टोप्या, वर गोंडा. ऑस्लानं त्या उचलल्या, स्वेटरवरून छातीला लावल्या, आणि उठून गिरकी घेतली. आम्ही दहाजणी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. इंगा ओरडली, “आई, हलू नकोस! हेच! हेच करायचं!”

आठ दिवसांत आम्ही वीस टोप्या विणल्या आणि दोन दोन जोडून मागे पट्टा लावला. मॅग्नी दारातून डोकावला आणि म्हणाला, “अगं, पण मग चहा गार झाला तर?”

“तुला सवय आहे,” ऑस्ला म्हणाली. “सत्तावीस वर्षं गारच पितोयस.”

नाच धक्क्यावर करायचा ठरलं, मागे समुद्र दिसायला हवा म्हणून. पण हवा काही ऐकेना. चार दिवस वारा असा की मेंढ्यासुद्धा भिंतीच्या आडोशाला. मग मंगळवारी सकाळी उठले तर सगळं शांत, पाणी ताटात ओतल्यासारखं, ऊन पडलेलं. आमच्याकडे याला दोन वादळांमधला दिवस म्हणतात. असा दिवस उगवला की हातातलं काम टाकायचं. लोकरीची कातरणी असो, घराला रंग असो, मासेमारी असो, जे राहिलंय ते त्या दिवशी करायचं, कारण उद्या तो नसतो. हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

मी सगळ्यांना फोन केले. दहा वाजता धक्क्यावर. ऑस्ला म्हणाली, “आज मला व्हॅनची वेळ आहे गं. अकरा दहा.”

“व्हॅन काय पळून जातेय? सहा आठवडे आहे. असा दिवस पुन्हा कधी मिळायचा?”

“विल्मा, पत्रात लिहिलंय...”

“फोन करून बदलून घे. तुझ्याशिवाय नाच म्हणजे मिठाशिवाय सूप.”

ती हसली. म्हणाली, “बरं. पण दहा चाळीसला निघाले तर पोचेन. तेवढ्यात उरका.” इंगाला तिनं काही सांगितलं नव्हतं. लेकीला कशाला असल्या गोष्टी, असा तिचा स्वभाव.

तेवढ्यात उरकलं नाही. एकदा आमच्यातल्या धाकट्या मेरनचा पट्टा सुटला, एकदा मॅग्नीचं कुत्रं मध्ये आलं, एकदा आम्ही सगळ्या उलट्या बाजूला वळलो. चौथ्या खेपेला, गिरकी घेता घेता, ऑस्लानं डावं मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि ‘अगं बाई’ असं तोंड केलं. मी तिच्या शेजारीच होते. मला कळलं ती काय बघतेय. दहा चाळीस होऊन गेले होते.

“आई, काय झकास केलंस!” इंगा ओरडली. “ते घड्याळाचं! पुन्हा कर, सगळ्याजणी करा, शेवटी एकदम!”

ऑस्लानं माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा ‘जा’ म्हणाले असते तर ती गेली असती, दहा मिनिटं उशिरा पोचली असती, आणि कुणी तिला परत पाठवलं नसतं. मी म्हणाले, “चला, पुन्हा एकदा.” आणि तिनं पुन्हा केलं, अगदी हसून.

तो पंधरा सेकंदांचा नाच किती देशांत गेला ते इंगाच सांगू जाणे. आयर्लंडच्या नन्सनी केला, पोलंडच्या अग्निशमनवाल्यांनी केला, नेदरलँड्समधल्या कुठल्या वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्च्यांवर बसून केला. छातीला टोप्या, गिरकी, आणि शेवटी मनगट वर करून घड्याळ बघणं. सगळ्यांना तीच स्टेप आवडली. कुणीतरी लिहिलं की याचा अर्थ ‘वेळेवर तपासणी करा’, आणि त्याला हजारो बदाम मिळाले. मी ते वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात होते. फोन उलटा ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले.

मग टोप्यांच्या मागण्या आल्या, इतक्या की हॉलमध्ये खोके मावेनात. आमच्यात सगळ्यांत जलद हात ऑस्लाचा. सकाळी मेंढ्या, दुपारपासून सुया. पुढच्या गुरुवारी मी माझ्या वेळेला व्हॅनमध्ये गेले. तिथली बाई माझं नाव वाचून म्हणाली, “अय्या, तुम्ही त्या किटलीवाल्या!” आणि मी फुगले, खोटं कशाला बोलू. येताना दुकानासमोर मला आठवण झाली, ऑस्लानं वेळ बदलून घेतली का विचारायला हवं. मग मनात आलं, ती काय लहान आहे? आणि मी पाव घेऊन घरी गेले.

तिला दुसरं पत्रही आलं होतं. ते तिनं भिंतीवरच्या घड्याळामागे खोचलं. “पुढच्या खेपेला,” ती म्हणाली. “मला काही होत नाही.” जूनमध्ये व्हॅन बोटीत चढली.

दोन वर्षांनी मेंढरं धुताना तिला काखेजवळ गाठ लागली. ॲबर्डीनच्या डॉक्टरांनी सांगितलं की हाडांपर्यंत गेलंय. वेळेवर गेली असती तर त्या मे महिन्यात दिसलं असतं का? मी एका डॉक्टरीणबाईंना एकटं गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगता येत नाही. कदाचित.” तेव्हापासून मी त्या एका ‘कदाचित’बरोबर राहते.

ॲबर्डीनची बोट संध्याकाळी निघते आणि सकाळी पोचते. बहुतेक खेपांना मी तिच्याबरोबर गेले. मॅग्नीला बोट लागते, जन्मभर मासेमारी करूनसुद्धा. एकदा केबिनमध्ये ती टेकून बसली होती, डोक्याला आमचीच विणलेली टोपी, साधी राखाडी. पर्समधून एक पत्र काढून तिनं मला दिलं. नॉर्वेतल्या लायला नावाच्या बाईनं पाठवलं होतं. तिनं तपासणीचं पत्र केराच्या डब्यात टाकलं होतं. मग आमचा नाच बघून हसली, लाजली, पत्र डब्यातून काढलं आणि गेली. मसुराच्या दाण्याएवढं सापडलं. आता बरी आहे. ‘तुमच्यातल्या त्या घड्याळ बघणाऱ्या बाईंना माझे आभार सांगा,’ असं शेवटी होतं.

“बघ,” ऑस्ला म्हणाली, “एकीला तरी लागू पडला.”

“हो.”

“मला खरंच बरं वाटलं, विल्मा. दिवसातून दोनदा वाचते.” माझ्या हातातून पत्र घेऊन तिनं त्याची घडी केली. “पण मलाही जगायचं होतं गं.”

मी तिचे पाय धरले. पांघरुणावरूनच. म्हणाले, “मी तुला बोलावलं. मी.”

“मी आले,” ती म्हणाली. “कुणी मला दावं बांधून नेलं नव्हतं. पण इंगाला कधी सांगू नकोस. ‘पुन्हा कर’ ती म्हणाली होती. ते तिला जन्मभर पुरेल. वचन दे.”

मी वचन दिलं. गेल्या वर्षी मार्चमध्ये ती गेली. बर्फ पडत होतं तरी आख्खं गाव आलं. त्या संध्याकाळी फोनवर शेकडो लोकांनी किटलीचं चित्र आणि गुलाबी बदाम टाकले, जपानमधूनसुद्धा. त्यांच्यावर रागावून काय करू? पण मी रागावले. मला एकेकीला विचारावंसं वाटलं, बाई गं, बदाम ठेव, तू जाऊन आलीस का?

या मे महिन्यात व्हॅन परत आली. हॉलच्या बायकांनी ठरवलं की ऑस्लाच्या आठवणीत नाच पुन्हा करायचा, त्याच धक्क्यावर. इंगा ग्लासगोहून आली. “आत्या, मधे तूच उभं राहायचंस, आईच्या जागी.” तिच्या चेहऱ्याकडे बघून मला नाही म्हणवलं नाही. चार दिवस पाऊस लागला होता. मग आज उजाडला दोन वादळांमधला दिवस.

दहाला आम्ही जमलो. कुणी गेलेली, कुणी नवी. मॅग्नी कुत्र्याला धरून लांब उभा होता. मी ऑस्लाच्या टोप्या बांधल्या. लोकरीला अजून तिच्या कपाटाचा वास होता.

“इंगा, लवकर आटप बाई,” मेरन पट्टा आवळत म्हणाली. मेरन दुकानात गल्ल्यावर बसते, यंदा पहिल्यांदाच तिला पत्र आलेलं. “मला सव्वाअकराची वेळ आहे लर्विकला. म्हणजे उशीर झाला तर बदलून घेईन म्हणा. व्हॅन काय पळून जातेय? असा दिवस पुन्हा कधी मिळायचा?”

तिचा काय दोष? इथे कुणीही हेच म्हणालं असतं.

“मेरन, गाडीत बस,” मी म्हणाले.

“अगं, एक नाच करून...”

“नाच नाही. आत्ताच्या आत्ता गाडीत बस.”

सगळ्या हसल्या. साठी ओलांडलेली बाई, छातीला दोन गोंडे, आणि ओरडतेय. मीसुद्धा हसले असते. मेरन म्हणाली, “काय हो हुकूमशहा, आज कुणावर भडकलात?” आणि ते नाव ऐकलं तेव्हा माझं काहीतरी सुटलं.

“ऑस्लाचीही वेळ होती,” मी म्हणाले. “त्या दिवशी. मंगळवारी, अकरा दहा. मी तिला इथे बोलावलं. मी म्हणाले, व्हॅन काय पळून जातेय. आणि ती परत कधी गेलीच नाही.”

मॅग्नीनं कुत्र्याची दोरी हाताला गुंडाळली, मग सोडली, मग पुन्हा गुंडाळली. वचन मोडलं होतं आणि आता ते परत जोडता येणार नव्हतं. इंगाचा फोन अजून आमच्याकडे रोखलेला होता. मग हळूहळू तिचा हात खाली आला.

“आईची वेळ होती?”

“होती.”

“आत्या, मग ते घड्याळ...”

मी मान हलवली. तिला तेवढं पुरलं.

“मी म्हणाले, पुन्हा कर,” इंगा म्हणाली. “आणि तिनं केलं. हसून केलं.”

मी तिच्याकडे जायला निघाले, पण तिनं हात पुढे करून मला थांबवलं. तिनं फोन खिशात टाकला. बापाकडे गेली, त्याच्या हातातून गाडीची किल्ली घेतली. “चल मेरन,” ती म्हणाली. मेरननं छातीच्या टोप्या काढून माझ्या हातात दिल्या आणि निमूटपणे गाडीत बसली.

“किती वाजले?” आतून मेरननं विचारलं. “पोचू ना आपण?”

आम्ही इतक्याजणी होतो, कुणाचाच हात वर होईना. शेवटी मीच मनगट वर केलं.

“दहा चाळीस,” मी म्हणाले. “पोचाल.”