गाठ आईनं मारायची

नाही सांगायचं, हे ठरवूनच मी सईला कडेवर घेऊन कॉलेजच्या तलावावर गेले. झुंबर सर या महिन्यात निवृत्त होणार होते. मुलींच्या बॅचला कोच म्हणून त्यांनी प्राचार्यांना माझं नाव सुचवलं होतं आणि आज माझं उत्तर हवं होतं.

गेट उघडलं, क्लोरिनचा वास आला आणि कॉलेजची सगळी वर्षं एकदम अंगावर आली. ओल्या केसांनी गंगापूर रोडवरून सायकल हाणत पहिल्या तासाला पोचणं, बाकाखाली डबा उघडून खाणं, बोटांच्या न जाणाऱ्या सुरकुत्या.

"आली का पाव्हणी!" सर ओरडले ते सईला बघून. मला फक्त, "वाळलीस गं."

"वाळले नाही सर, सुटलेय."

"तेच ते. पाण्यात समदे सारखेच."

सर मूळचे चांदवडकडचे. कांद्याच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेले. शिकायला नाशिकला आले, पुढे इथल्या एका तलावावर काठावरून नजर ठेवणारे जीवरक्षक झाले आणि मग आमच्या कॉलेजात कोचच्या जागेसाठी पोहून दाखवायला उभे राहिले. तो किस्सा आम्ही मुली त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. सरांनी झोकात उडी मारली, मान वर काढून सपासप हात मारले आणि वळत वळत डावीकडच्या भिंतीला जाऊन लागले. विहिरीत गोल पोहायची सवय! "अहो, समोरची भिंत तिकडे आहे," काठावरून प्राचार्य ओरडले. सर म्हणाले, "साहेब, विहिरीला समोरची भिंत नसती." हसता हसता त्यांना हंगामी म्हणून ठेवून घेतलं. सरळ रेषेत पोहायला सर पहिल्या बॅचच्या पोरांबरोबरच शिकले. मग स्पर्धा, पोरांची पदकं, कायमची नोकरी.

विहिरीची एक गोष्ट मात्र त्यांनी सोडली नाही. नवशिक्या मुलीच्या पाठीला थर्माकोलचा ठोकळा बांधायचा, तर पहिल्या दिवशी त्याची गाठ तिच्या आईनं मारायची. सरांच्या आईला, कुसाबाईंना, पाण्याची भयंकर धास्ती. तरी भोपळ्याची गाठ त्या दुसऱ्या कुणाला मारू द्यायच्या नाहीत. माझ्या वेळी माझी आई ऑफिसातून अर्धी रजा काढून आली होती. इतकं घट्ट बांधलं तिनं, की सर म्हणाले, "ताई, श्वास तरी घेऊ द्या तिला."

मी एका दमात सांगून टाकलं. "सर, मला नाही जमणार. सई झाल्यापासून मला पाण्याची भीती वाटते. हिला टबात बसवतानासुद्धा मी तिचा दंड सोडत नाही. तलावाकडे बघितलं की कुणीतरी बुडतंय असंच वाटतं. अशा बाईनं काय शिकवायचं पोरींना?"

सरांनी मान वळवली. काठावर एक मुलगी केव्हाची उभी होती. ठोकळा हातात, पट्टे लोंबकळत.

"ही सायली. पेठ तालुक्यातली हाय, होस्टेलला राहती. भातरोपांची आवणी अर्ध्यात टाकून हिची आई कशी येणार?" त्यांनी सईला माझ्या कडेवरून काढून घेतलं. "बांध तू."

"सर, मी आत्ताच सांगितलं ना..."

"ऐकलं. आई हायेस ना? बांध."

सायली पाठमोरी झाली. तिच्या मानेवर बारीक काटा आला होता. मी पट्टा ओढला, गाठ मारली, आत बोट घालून पाहिलं, सोडली, परत मारली.

"मॅडम, लय खोल आहे का?"

"या टोकाला छातीपर्यंतच आहे."

"तुम्ही कुठं जाऊ नका."

मी सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात पाय सोडून काठावर बसले. सायली शिडीवरून उतरली, माझे दोन्ही हात धरून आडवी झाली आणि जिवाच्या आकांतानं पाय झाडायला लागली. "ताठ नको. मान सैल सोड. तोंडानं श्वास घे." हे सगळं माझ्याच तोंडून येत होतं. मला बुडणारं कुणी दिसत नव्हतं. फुगलेल्या नाकपुड्या, वर ओढलेले खांदे, निळे पडायला लागलेले ओठ, असं एकेक फक्त सायलीचंच दिसत होतं.

"भीती वाटती म्हणालीस," मागून सर म्हणाले. "बरंय की. नजर हलली नाय तुझी अजून."

मी मान न वळवता म्हटलं, "सहाची बॅच नको, सर. सई तेव्हा अंगावर पीत असते."

"मग सातला ये."

"आणि मी येईन तेव्हा हिला कोण सांभाळणार?"

"ते मला काय विचारती?"

"तुम्हीच सांभाळायचं. रिकामेच असाल की आता."

"बघ गं पाव्हणे," सर सईला म्हणाले, "तुझी आय निवृत्त होऊ देईना मला."

मला हसू आलं, हात जरासे हलले.

"मॅडम, बोलू नका ना," सायली ओरडली. "माझ्याकडं बघा!"

मी गप्प बसले आणि तिच्याकडे बघत राहिले.